पेंटरच्या नावाचे चार अर्थ

पाट्या रंगवणाऱ्या माणसाला कुणी त्याच्या नावाने ओळखत नाही, हे पेंटरच्या पथ्यावरच पडलं होतं. दवाखान्यापासून केस कापायच्या दुकानापर्यंत गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या, पण त्याला लहानथोर सगळे पेंटरच म्हणत. त्याचं खरं नाव घ्यायचं म्हणजे जिभेला शिक्षा होती. पहिलं अक्षर घशातून, दुसरं नाकातून, आणि तिसरं कुठून काढायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. नवख्या माणसाला त्याने नाव सांगितलं की समोरचा आधी पाण्याचा ग्लास पुढे करी.

नाव डोंगरापलीकडचं होतं. पेंटरचा बाप त्याला काखोटीला मारून डोंगर उतरून आला, तेव्हा पोराला धड चालताही येत नव्हतं. आई आधीच गेलेली. बापाने लाकडाच्या वखारीत करवतीवर जन्म काढला. इथली भाषा तो कामापुरती शिकला आणि डोंगरातली भाषा बोलायला कुणी नाही म्हणून टाकून दिली. शाळेत मास्तरांनी नावाचा अर्थ विचारला म्हणून पोराने घरी येऊन बापाला विचारलं, तर बाप म्हणाला, “नाव आहे. हाक मारली की यायचं.” पुढे पोराने पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. उत्तरात एका शब्दाची भर पडली नाही. मग बाप वारला, आणि त्या नावाचा अर्थ सांगणारं गावात कुणीच उरलं नाही.

कोरी भिंत दिसली की पेंटरचे हात शिवशिवत. इथे तर अख्खं नाव कोरं पडलं होतं.

पहिला अर्थ त्याने घरमालक काकांना सांगितला. बाप गेल्यावर वखारीतली जागा सोडावी लागली, म्हणून तो खोली मागायला गेला होता. काका म्हणजे संशयाचा पुतळा. त्यांचा आधीचा भाडेकरू गाशा गुंडाळून पळाला होता, जाताना दाराची कडीही काढून घेऊन गेला होता. त्यांनी नाव विचारलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मग डोळे बारीक करून अर्थ विचारला.

“शब्दाला जागणारा,” पेंटर म्हणाला.

हे तोंडातून कसं निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. काकांनी मान डोलावली आणि किल्ली काढून दिली. आपला खोटं बोलायचा हेतू नव्हता, अशी पेंटर पुढे बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत आला. हेतू नव्हता. खोली हवी होती, एवढंच.

पण थाप मारणं सोपं, तिला पोसणं महाग. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “हा आमचा वरचा भाडेकरू. नावातच शब्दाला जागणारा.” एकदा पेंटर बोलता बोलता म्हणून गेला की जिन्याला हात मारून देतो, आणि विसरला. काका रोज जिन्यात उभं राहून नुसते भिंतीकडे बघत. शेवटी पेंटर अंगात ताप असताना उठला आणि जिना रंगवून आला. त्यानंतर त्याने बोलणं कमी केलं, आणि बोललेलं करणं वाढवलं. करतो काय बिचारा!

दुसरा अर्थ कंत्राटदाराला मिळाला. धान्याच्या गोदामाची पाच मजली भिंत होती, तिच्यावर माणसाएवढाली अक्षरं काढायची होती. पेंटर स्टुलावर उभा राहिला तरी भिंत धरून राहणारा माणूस. कंत्राटदाराने विचारलं, “उंचीची भीती नाही ना?” पेंटर म्हणाला, “अहो, माझ्या नावाचा अर्थच मुळी उंचावर ज्याचा पाय डगमगत नाही तो.” कंत्राटदार खूश झाला. दुसऱ्या दिवशी पेंटर डोळे मिटून परांचीवर चढला, आणि डोळे मिटून अक्षरं निघत नाहीत म्हणून नाइलाजाने उघडले. पहिले काही दिवस तो एका हाताने परांचीचा बांबू धरूनच रंगवी. भिंत संपत आली तेव्हा तो चौथ्या मजल्यावर पाय खाली सोडून डबा खात होता. पुढे गावातल्या सगळ्या उंच भिंती त्याच्याकडेच चालून आल्या.

तिसरा अर्थ त्याने जिला सांगितला, तिच्याशी त्याचं लग्न झालं.

मुलगी घरमालकीण काकूंनी सुचवली होती. ती शिवणकाम करी. झिजलेली कॉलर उलटवून शर्ट नवा करून देण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. स्वभावाने सरळ, बोलायला त्याहून सरळ, पण लग्नाला काही तयार होत नव्हती. का, ते काकूंनी आधीच पेंटरच्या कानावर घातलं. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा एका सकाळी पाव आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडला, तो परत आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, निरोप नाही. पिशवीसुद्धा गेली. बहीण पुढचं वर्षभर रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसे, आणि ही आत मशीनवर बसून त्या खुर्चीची पाठ बघे.

बघायला गेलेल्या पेंटरला तिने बाकी काही विचारलं नाही. कमाई नाही, शिक्षण नाही, व्यसन नाही.

“काकू म्हणतात तुमचं नाव वेगळंच आहे. काय अर्थ त्याचा?”

पेंटरने खिडकीबाहेर पाहिलं. चेहऱ्यावरची रेषाही न हलवता तो म्हणाला, “संध्याकाळी घरी परतणारा.”

तिच्या हातातली सुई थांबली. “असंही नाव असतं?”

“आमच्या डोंगरात असतं.”

लग्न झालं, आणि त्या दिवसापासून पेंटरच्या मागे संध्याकाळ लागली. ऊन उतरायला लागलं की त्याच्या जिवाची उलघाल होई. बेकरीच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर एकदा रात्रभर अर्धंच राहिलं आणि सकाळी गिऱ्हाइकं बेकरीवाल्याला विचारू लागली की दुकान विकायला काढलं की काय. मित्रांचे पत्त्यांचे डाव त्याच्यामुळे मोडत. एकदा शेजारच्या गावी काम असताना बस बंद पडली, तर हा चालत निघाला आणि दोन्ही टाचांना फोड घेऊन वेळेवर दारात हजर झाला. बायकोने कधी कौतुक केलं नाही. जिन्यात त्याचं पाऊल वाजलं की ती मशीन थांबवून चहाचं आधण ठेवी. तेवढ्यासाठी पेंटर फोडांवर चालत आला होता.

चौथा अर्थ मुलासाठी होता. मुलगा लहान असताना त्याच्या पलंगाखाली एक वाघ राहत असे. पेंटरने त्याला सांगितलं, “माझ्या नावाचा अर्थ माहीत आहे का? वाघाला पळवून लावणारा.” वाघ त्याच रात्री गेला. पण मुलाने ही बातमी गल्लीभर केली, आणि कोपऱ्यावरच्या सोड्याच्या कारखान्यात एक कुत्रा होता, त्याच्यासमोरून रोज सकाळी चार-पाच पोरांना घेऊन पुढे चालायची वेळ पेंटरवर आली. एकदा कुत्रा चावला. घरी त्याने खिळा लागला म्हणून सांगितलं.

असे चार अर्थ चार ठिकाणी सुखाने नांदत होते. पुढे काका-काकू वारले. कंत्राटदार म्हातारपणी मुलीकडे राहायला गेला. राहता राहिले दोन अर्थ, तेही एकाच घरात. पण आई आणि मुलगा बापाच्या नावावर कशाला चर्चा करत बसतील? पेंटर निर्धास्त होता. केस पिकले, मुलगा वीज कंपनीत मीटर तपासायला लागला, त्याचं लग्न झालं, तो बायकोसह दोन गल्ल्या सोडून राहायला गेला. सगळं आलबेल होतं, म्हणजे काहीतरी होणारच होतं.

सुनेला दिवस गेले होते. एका रविवारी दोघं दुपारच्या जेवणाला आली. भात वाढून झाला तेव्हा सून म्हणाली, “आम्ही ठरवलंय. मुलगा झाला तर बाबांचं नाव ठेवायचं.”

पेंटर घास चावायचा विसरला. आनंदाने. मुलगा हसत म्हणाला, “उच्चारायला जरा त्रास आहे, पण अर्थ असा की पोरगं शाळेत मिरवेल.”

“अर्थ चांगलाच आहे,” बायको भाजी वाढत म्हणाली. “त्या अर्थावर तर मी लग्नाला हो म्हटलं.”

“वाघावर?” सून हसली.

“कसला वाघ?”

“वाघाला पळवून लावणारा. आई, तुला माहीत नाही?” मुलगा म्हणाला.

“संध्याकाळी घरी परतणारा,” बायको म्हणाली. तिच्या हातातला भाजीचा डाव तसाच वर राहिला.

पेंटर भातात चमचा फिरवू लागला. सून समजूतदार होती. ती म्हणाली, “दोन्ही असेल. वाघाला पळवून लावून संध्याकाळी घरी परतणारा.”

बायकोने डाव पातेल्यात ठेवला. “अहो, खरा कुठला?”

अजूनही सुटायला वाट होती. पाचवा अर्थ सुचायला पेंटरला कितीसा वेळ लागणार? पण तिच्याकडे पाहिल्यावर त्याची जीभ वळेना. तो म्हणाला, “मला माहीत नाही.”

मुलगा खो खो हसत सुटला. सोड्याच्या कारखान्यातला कुत्रा आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाचं पितळ उघडं पडल्याचा मुलांना होतो तेवढा आनंद दुसऱ्या कशाचा होत नाही. बायको मात्र उठली आणि कुणाचं जेवण झालं नसताना ताटं उचलायला लागली.

दोघं गेल्यावर तिने मशीनवर बसून विचारलं, “ताईबद्दल काकूंनी तुम्हाला सांगितलं होतं?”

“हो.”

“मला बघायला यायच्या आधी?”

“आधी.”

“म्हणजे तुम्ही माझं माप आधीच घेऊन आला होतात. मग अर्थ तेवढा बेतलात.” ती दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत घालू लागली. एरवी एका झटक्यात जाणारा दोरा जाईना. “ताई त्या खुर्चीत बसून वाळून गेली. आणि तुम्ही ते कापड म्हणून वापरलंत.”

“पण मी आलो ना परत? रोज आलो.”

“ते मी विचारलेलं नाही.”

त्यानंतर घरात भांडण म्हणावं असं काही झालं नाही. भांडण झालं असतं तर पेंटरला बरं वाटलं असतं. ती कामापुरतं बोले, जेवायला वाढी, कपडे धुऊन ठेवी. फक्त जिन्यात त्याचं पाऊल वाजलं तरी मशीन थांबत नसे. चहा हवा तर त्याने स्वतः करून घ्यावा. पेंटरने यावर उपाय म्हणून आणखी लवकर घरी यायला सुरुवात केली. पाचला, मग चारला. एकदा तर भर दुपारी हातात ओला ब्रश घेऊनच आला.

“एवढ्या लवकर कशाला?” ती मान वर न करता म्हणाली. “नावात तर संध्याकाळ आहे.”

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. इतकी वर्षं तो जे करत आला, ते सगळं एका थापेचं व्याज होतं, असं तिला वाटत असेल का? आणि तसं नव्हतं, हे सांगायचं तर कुठल्या तोंडाने? त्याच्या तोंडाचा भरवसा आता तिला कसा वाटणार?

तिने मात्र एक गोष्ट मनावर घेतली. “मला खरा अर्थ हवा,” ती म्हणाली. “काहीही निघो. चोर निघाला तरी चालेल. बाळाला ठेवायचं की नाही ते नंतर बघू.” खाई त्याला खवखवे, पेंटर म्हणाला, “जाऊ दे ना, आता कशाला उकरायचं?” तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कॉलर उलटवायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती विचारू लागली की डोंगरापलीकडचं कुणी माहितीत आहे का. शेवटी एकाने सांगितलं, दातांच्या नव्या डॉक्टरीण बाईंची आई तिकडची आहे. डॉक्टरीण स्वतः इथेच जन्मली, तिला त्या भाषेतलं ओ की ठो येत नाही. पण म्हातारी पक्की डोंगरातली, आणि रोज दवाखान्यातच बसते.

म्हातारी खरोखरच बसली होती, दारापाशी टेबल टाकून, विणकाम करत. नंबर द्यायचं काम तिच्याकडे होतं. बाकावर दाढदुखीचे तिघेचौघे गालाला हात लावून बसले होते आणि आतून यंत्राचा घरघराट येत होता.

“कुठला दात?” म्हातारीने विचारलं.

“दात नाही, मावशी. नाव,” पेंटरची बायको म्हणाली.

“नावाचा इलाज इथे होत नाही. पण नंबर घ्या, आणि बसा.”

पेंटरने पुढे होऊन आपलं नाव सांगितलं. म्हातारीचे हात थांबले. तिने सुया मांडीवर ठेवल्या आणि ते नाव स्वतः उच्चारलं. सगळी अक्षरं आपापल्या जागची, कुठे ठेच नाही, ठसका नाही. बाप गेल्यापासून ते नाव असं कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. पेंटरच्या अंगावर काटा आला, आणि आपल्याला हे नाव आवडतं, हे त्याला साठी ओलांडल्यावर कळलं.

“अर्थ काय त्याचा?” बायकोने विचारलं.

“अर्थ? आमच्याकडे नावाला अर्थ नसतो. माणूस असतो.” म्हातारी पेंटरकडे निरखून पाहू लागली. “हे नाव तुझं नव्हे. दुसऱ्या कुणाचं आहे. तुझ्या बापाने त्याचं काहीतरी वाईट केलं असणार.”

आतला घरघराट थांबला, कुणीतरी कण्हलं, पुन्हा सुरू झाला.

म्हातारीने सांगितलं ते असं. डोंगरात एखाद्याने कुणाचं वाईट केलं, आणि माफी मागायला तोंड उरलं नाही, किंवा ज्याची मागायची तो माणूसच उरला नाही, तर त्या माणसाचं नाव घरातल्या नव्या मुलाला ठेवतात. मग रोज सकाळी तोंडात काही घालायच्या आधी मुलाला त्या नावाने हाक मारायची. मुलाने ओ दिली की तेवढ्या दिवसापुरती सुटका. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक.

“आणि मुलाला सांगायचं नाही,” म्हातारी म्हणाली. “सांगितलं तर ते उपकार केल्यासारखी ओ देईल. न सांगता आली पाहिजे.”

“फक्त मुलांनाच ठेवतात?” बायकोने विचारलं.

“बायकांचं काय कोणी कमी वाईट करतं? आमच्या गल्लीत चार मुलींना एकाच बाईचं नाव होतं. काय झालं होतं तिचं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

पेंटर काही ऐकत नव्हता. त्याला वखारीतली ती खोली दिसत होती. बाप रोज पहाटे कामाचे बूट घालून त्याच्या अंथरुणापाशी उभा राही आणि पूर्ण नावाने हाक मारी. काम काही नसे. पोरगा पांघरुणातून “ओ” म्हणे, बाप मान हलवी, मग चहा पिऊन निघून जाई. म्हातारा उगाच झोपमोड करतो, असं पोराला वाटे. मिसरूड फुटायच्या वयात तर तो मुद्दाम गप्प पडून राही. बाप पुन्हा हाक मारत नसे. तसाच उभा राही, बराच वेळ. कधीकधी कामाला उशीर होईपर्यंत.

“एखाद्या दिवशी ओ आलीच नाही तर?” त्याने विचारलं.

“तर तो दिवस उपाशी,” म्हातारी म्हणाली.

तसे कितीतरी दिवस होते. डबा न उघडता परत यायचा, आणि पोरगा संध्याकाळी तोच डबा खुशाल खायचा. पेंटरने रुमाल काढून तोंडावर धरला. त्याला रडू आवरेना. बाकावरच्या दाढदुखीच्या माणसाला वाटलं, यालाही कळ आली, आणि त्याने आपला गाल धरून सहानुभूतीने मान हलवली.

“काय केलं असेल हो यांच्या बाबांनी?” बायकोने हळूच विचारलं.

“ते त्याला माहीत, आणि ज्याचं नाव त्याला.” म्हातारीने विणकाम उचललं. “पुढचा नंबर.”

दोघं घरी निघाली. लोखंडी सामानाच्या दुकानापाशी, जिथली पाटी पेंटरने दोनदा रंगवली होती, बायको थांबली.

“एकच सांगा. रोज परत यायचात, ते मनापासून, की थाप उघडी पडू नये म्हणून?”

तिला हवं ते उत्तर पेंटरला माहीत होतं. तेही मापाचं होतं. तो म्हणाला, “सुरुवातीला थाप उघडी पडू नये म्हणून.”

“आणि नंतर?”

“नंतर कधी बदललं, ते माझ्या ध्यानात आलं नाही.”

“हं,” ती म्हणाली आणि चालू लागली. घरी पोचल्यावर पेंटरने स्वतःच चहा ठेवला. दोन कप केला. तिने घेतला.

महिन्याभराने सून बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून मायलेकींना सासू-सासऱ्यांकडेच आणलं, कारण मुलाला बाळ धरता येत नव्हतं आणि सुनेला झोप हवी होती. पुढच्या खोलीत खाटेशेजारी पाळणा लागला. मुलगा म्हणाला, “बरं झालं, नावाचा तंटाच मिटला. वाघ नाही आणि संध्याकाळ नाही.” सुनेने चार-पाच नावं काढून ठेवली होती, सगळी छोटी, नवी, गोड. ती एकेक म्हणून दाखवत होती.

“मी एक सुचवू?” पेंटर म्हणाला.

आणि त्याने आपल्या बायकोचं नाव घेतलं.

ते त्याने यापूर्वी कधी उच्चारलं नव्हतं असं नाही. दवाखान्यात, दुकानात कुणी विचारलं तर सांगितलं होतं. पण घरात कधी नाही. दोन खोल्यांच्या घरात ‘अगं’ म्हटलं की पुरे होतं.

“आईचं?” मुलगा म्हणाला. “बाबा, किती जुनं आहे ते!”

सुनेने डोकं एका बाजूला कलतं केलं. “वाईट नाही. पण त्याचा अर्थ काय सांगायचा?”

“अर्थ नाही,” पेंटर म्हणाला. “माणूस आहे.”

बायको खिडकीशी दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याने नजर चुकवली नाही. चांगली दोन-चार दुपटी चुरगळेपर्यंत ती तशीच उभी होती.

“काहीतरीच,” ती शेवटी म्हणाली. “एवढं काही मोठं झालेलं नाही.”

“आई लाजली,” मुलगा सुनेला म्हणाला. “आपलं नाव ठेवतायत म्हणून.”

सुनेला सासूचं ते लाजणं इतकं भावलं की तिने आपली सगळी नावं मागे घेतली. दवाखान्यात जन्माची नोंद करणाऱ्या बाईंना तेच नाव कळवलं गेलं. बायकोने त्यावर होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती आतल्या खोलीत जाऊन मशीनवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर नेहमीपेक्षा लवकर उठला. त्याने तोंड धुतलं, कामाचे कपडे घातले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि पाळण्याशी जाऊन उभा राहिला. आत मशीन चालू होतं. बायकोला एक शर्ट आजच द्यायचा होता. मुलगा चहाचे कप घेऊन आला.

“बाबा, चहा.”

“थांब जरा,” पेंटर म्हणाला.

त्याने घसा खाकरला आणि बाळाला हाक मारली. पूर्ण नावाने, मोठ्याने. आवाज चिरकला. बाळ मुठी मिटून झोपलं होतं, त्याची पापणीही हलली नाही. जेमतेम आठवड्याचं पोर ते, ओ कुठली देणार? मुलगा कप घेऊन उभा होता आणि बापाला काय झालंय ते त्याला कळत नव्हतं. पेंटरने पुन्हा हाक मारली नाही. तो नुसता उभा राहिला. चहा निवू लागला, शाळेची पाटी रंगवायची होती तिला उशीर होऊ लागला, तरी तो हलला नाही.

आतलं मशीन थांबलं.

“ओ,” ती आतून म्हणाली. “आजच्यापुरती.”